विश्लेषण : हातात हमी नसताना पंडिता रमाबाईंनी ३०० जणींची जबाबदारी कशी घेतली?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. पुण्यातील शारदा सदनच्या संस्थापक पंडिता रमाबाई तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना सोबत घेऊन आल्या. त्याच वेळी सदनला अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. मग उद्याच्या चिंतेने त्या थांबल्या का नाहीत?

दुष्काळ त्यांनी स्वतः पाहिला होता का?

हो. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत त्या पायी भटकल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. पती बिपिनबिहारी मेधावी यांचे १८८२ मध्ये कॉलऱ्याने निधन झाले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षभराचीही नव्हती.

ख्रिस्ती धर्माकडे त्या कशा वळल्या?

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथल्या भगिनींनी चालवलेले काम पाहून त्या प्रभावित झाल्या होत्या. मात्र बाप्तिस्म्याने मनाला शांती मिळाली नव्हती. ती काही वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाली, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे.

या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून अनेक पालकांनी मुलींना सदनमधून काढून घेतले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले.

चिंतेवर त्यांचा उपाय काय होता?

आधी नियोजन. मदत बंद झाल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, यासाठी त्यांनी दौंडजवळच्या केडगावला जमीन घेतली. पण झाडे फळावर येण्याआधीच दुष्काळ आला. त्यातच पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि मुलींना केडगावच्या माळावर हलवावे लागले.

नियोजन अपुरे पडले, तिथे श्रद्धा कामी आली. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी कोणाकडेही पैसे न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. तोच देव आपल्याही देशात पुरवठा करील, या विश्वासाने त्यांनी मुलींना आधी आसरा दिला.

म्हणजे सर्व देवावर सोडले का?

नाही. केडगावच्या 'मुक्ती'मध्ये विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. कामाचा बराचसा भार तिथल्या स्त्रियांनीच उचलला. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या मदत मंडळाची नव्याने उभारणी झाली. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर 'मुक्ती'तील संख्या २,००० च्या घरात पोहोचली. प्रार्थनेने कामाची जागा घेतली नाही. उद्याचे उत्तर हाती नसतानाही आजचे काम सुरू ठेवण्याचे बळ मात्र दिले.

शेवटी काय झाले?

'मुक्ती'ची धुरा पुढे मनोरमा सांभाळतील, असे वाटत असतानाच १९२१ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या भवितव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. रमाबाई तेव्हा बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावची 'मुक्ती' आजही सुरू आहे.