राखणदार उमाजी नाईक

पुरंदरच्या पायथ्याशी भिवडी गावी १७९१ साली उमाजींचा जन्म झाला. रामोशी घराणे, गडाची राखण वडिलोपार्जित. रात्र जागायची, चोरी झाली तर माग काढायचा आणि त्याबदली वतन खायचे, ही जुनी रीत. माझे आजोबाही गावची राखण करीत, म्हणून हे मला लगेच समजले. १८१८ नंतर किल्ले कंपनी सरकारकडे गेले, राखणदारांचे हक्क बुडाले. उमाजींनी बंड केले. सरकारदप्तरी ते दरोडेखोर ठरले. गंमत पाहा, ते हाती लागेनात तेव्हा त्याच सरकारने त्यांना माफी देऊन मुलखाच्या बंदोबस्तावर नेमले! दोन सत्ता एकत्र नांदल्या नाहीत. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्यांची हकीकत पुढे लिहिली ती त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने.