बिशपांनी मुलग्यांना शिकवू दिलं नाही, रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं

पंडिता रमाबाई म्हटलं की विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या बाई आठवतात. पण चर्चमधल्या पुरुषांशी त्यांनी घेतलेला पंगा फारसा कुणी सांगत नाही.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, मग लेकही शिकली. विशीत असतानाच कोलकात्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला. पदरात तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी मुलग्यांना शिकवावं असं ठरत होतं. भारतातल्या बिशपांनी खोडा घातला. पुरुषांना शिकवलं तर मायदेशात बाईंचं वजन कमी होईल म्हणे! रमाबाईंनी पत्रातून सुनावलं, माझ्या वडिलांची किंवा नवऱ्याची याला कधी हरकत नव्हती, मग इंग्रजांना का? धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची बुद्धी चर्चकडे गहाण टाकली, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. भाषा मुद्दाम सोपी, गावातल्या बाईला कळेल अशी. छापखान्यातलं कामही आश्रमातल्या बायकाच करायच्या.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.