भुसावळात विसावलेला अजिंठ्याचा चित्रकार

जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करीत फर्दापूर गाठले की अजिंठ्याची लेणी जवळ येतात. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी पुढे आपल्याच जिल्ह्यात उतरते. घरी पाहुणे आले की आपण त्यांना लेणी दाखवायला नेतो. पण या लेण्यांपायी सारी हयात घालवलेला एक माणूस आपल्या भुसावळात चिरनिद्रा घेतोय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. जन्म १८०४ चा. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला हा अधिकारी हाताचा चांगला चित्रकार होता. १८१९ मध्ये काही इंग्रज अधिकारी लेण्यांपर्यंत पोचले आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला. मग हौशे-गवशे येऊ लागले. कोणी भिंतीवर नावे कोरी, कोणी चित्राचा तुकडाच खरवडून नेई. अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी आग्रह धरला, तेव्हा कंपनीने चित्रांच्या नकला काढून घ्यायचे ठरवले आणि १८४४ मध्ये गिलची नेमणूक केली.

१८४५ पासून गिल अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागला. तेव्हा मुलूख निजामाचा, भोवती वाघांचे रान. अंधाऱ्या लेण्यांत बसून तो मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला उतरवी. इथलीच पारो त्याच्या आयुष्यात आली. १८५६ मध्ये ती वारली. अजिंठा गावात तिची कबर आजही आहे.

गिलची चित्रे लंडनला गेली आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला आग लागली. वर्षानुवर्षांच्या मेहनतीची राख झाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रे वाचली. आपल्याकडे खळ्यात आणलेलं पीक जळावं, तसं झालं. तरी गडी खचला नाही. पुन्हा रंग घेऊन त्याच डोंगरात गेला. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो वारला आणि भुसावळच्या मातीत त्याला ठेवले गेले.

आता ध्यानात घ्या. सात समुद्रापार सुरक्षित ठेवलेली नक्कल जळाली, पण अस्सल चित्र डोंगरातच राहिले. ते टिकले तर जागेवरच टिकणार. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले, १९२० मध्ये इटलीहून जाणकार बोलावून सुटणारा गिलावा पक्का केला. आज लेणी केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. १९८३ पासून ती जागतिक वारसा आहेत.

तो गिलावा कशाचा, तर माती, भुसा, गवत आणि वर पातळ चुना. आपल्या घराच्या कुडासारखाच! ओल आली की तो फुगतो, कीड लागली की पोखरतो. माणसांच्या गर्दीच्या श्वासानेही आत दमटपणा वाढतो. म्हणून रखवालदार आत माणसे मोजून सोडतो, फ्लॅश मारू देत नाही. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनीही एक लक्षात ठेवावे. साक्री तालुक्यातील बळसाणे, चाळीसगावजवळचे पाटणे इथे जुनी मंदिरे आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, केंद्राच्या संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घरकुलाची जागा ठरवताना हे आधीच बघा, म्हणजे गरिबाचे घर नंतर अडकणार नाही.

सरकारी रखवालदार संध्याकाळी घरी जातो. गाव तिथेच असतं. पुढच्या खेपेला लेणी पाहून परतताना भुसावळात गिलच्या कबरीपाशीही क्षणभर थांबा.