'डालडा १३' या नावामागची बाई: होमाई व्यारावाला

डालडा म्हटलं की आपल्याला वनस्पती तुपाचा डबा आठवतो. पण 'डालडा १३' हे भारताच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफरचं टोपणनाव होतं. होमाईंचा जन्म १९१३ चा, नवरा पहिल्यांदा भेटला तो वयाच्या तेराव्या वर्षी आणि पहिल्या गाडीचा नंबर होता डीएलडी १३. म्हणून डालडा १३!

जन्म नवसारीचा, घराणं पारशी. म्हणजे हजारएक वर्षांपूर्वी इराणहून येऊन गुजरातच्या किनाऱ्यावर वसलेल्या झोरोस्ट्रियन लोकांपैकी. (आपल्या अनेक इराणी हॉटेलवाल्यांचे पूर्वज त्यांच्याच धर्माचे, पण ते बरेच नंतर आले.) वडील उर्दू-पारशी नाटक कंपनीत नट. कंपनीबरोबर गावोगाव फिरून झाल्यावर कुटुंब मुंबईत स्थिरावलं. होमाई सेंट झेवियर्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, कॅमेरा मात्र शिकल्या माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून. पुढे त्यांच्याशीच लग्न झालं.

सुरुवातीला महिलांच्या एका क्लबच्या सहलीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले. एका फोटोला एक रुपया मिळाला. मग जे. जे. मधल्या मैत्रिणी, मुंबईचे रस्ते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागरी संरक्षणाच्या कामाला लागलेल्या बायका, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आलं. वर्गमैत्रीण रेहाना मोगल तर कितीतरी फोटोंत दिसते. त्या काळी स्टुडिओत पडद्यापुढे ताठ बसवून बायकांचे फोटो काढायची पद्धत होती. होमाईंच्या फोटोंतल्या मुली शहरात मोकळ्या वावरतात, स्वतःच्या कामात दिसतात.

गंमत म्हणजे यातले बरेच फोटो छापले गेले ते माणेकशॉंच्या नावाने! होमाईंना कुणी ओळखत नव्हतं, शिवाय त्या बाई. पण बाईच्या कॅमेऱ्याला कुणी गांभीर्याने घेत नसल्याने कुठेही जाता यायचं, हा त्यातला फायदा.

१९४२ मध्ये ब्रिटिश माहिती सेवेच्या नोकरीसाठी दोघं दिल्लीला गेले. पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं: लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू. या इतिहासापुढे मुंबईचे फोटो मागे पडले. आमच्या मते हा अन्यायच. नेत्यांचे फोटो काढायला दिल्लीत इतरही होते, पण तिशीतल्या मुंबईच्या तरुण मुली इतक्या जवळून कुणी टिपल्या?

१९६९ मध्ये माणेकशॉ गेले. नव्या फोटोग्राफरांच्या वागण्याला कंटाळून १९७० मध्ये होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. मुलगा फारुख १९८९ मध्ये कर्करोगाने गेला, त्यानंतर त्या वडोदऱ्यात एकट्याच राहिल्या. पुढे त्यांनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.