संत गोन्सालो गार्सिया : क्रुसावरून म्हटलेली प्रभूची प्रार्थना



आज दैवी दयेचा रविवार. आजच्या शुभवर्तमानात दारे लावून बसलेले शिष्य आपल्याला भेटतात. पकडले जाण्याच्या धाकाने ते लपले होते, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण त्यांच्या मनावर आणखी एक ओझे होते. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी आपल्या गुरूला एकटे टाकून पळ काढला होता. पेत्राने तर तीनदा ओळख नाकारली होती. अशा त्या बंद खोलीत पुनरुत्थित प्रभू आला. त्याने कोणाला जाब विचारला नाही. त्याने शांती दिली, आपल्या जखमा दाखवल्या आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार दिला. तोही कोणाला? ज्यांना स्वतःलाच क्षमेची सर्वांत जास्त गरज होती, त्यांना!

प्रभूच्या देहावर जखमांच्या खुणा राहिल्या, पण मनात डूख राहिला नाही. पुनरुत्थानाची ही क्षमा माणसाच्या आयुष्यात कशी उतरते, हे पाहायला फार लांब जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रात ती दिसते.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईला झाला. त्या वेळी वसईवर पोर्तुगीजांचे राज्य होते. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तिथे हा मुलगा शिकला, मिस्साविधीत सेवा करू लागला आणि धर्मगुरूंचा लाडका झाला. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर तो समुद्रमार्गे थेट जपानला गेला.

जपानमध्ये त्याने तिथली भाषा इतकी चांगली आत्मसात केली, की धर्मगुरूंना लोकांशी बोलायला त्याचीच मदत होऊ लागली. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्याच्या मनातली एकच इच्छा. पण ती पूर्ण झाली नाही. देशी रक्ताच्या तरुणांना संघात घेण्याबाबत त्या काळी हात आखडताच असे. ज्यांच्यासाठी घरदार सोडले, त्यांच्याच दारात थांबून राहावे लागले.

असा नकार पचवणे सोपे नसते. आपल्यापैकी कितीतरी जण चर्चमध्ये कोणी कधी मान दिला नाही, गायनात घेतले नाही, कमिटीत नाव घातले नाही, एवढ्या कारणावरून मिस्साला यायचे बंद होतात. गोन्सालो यांनी मात्र प्रभूशी नाते तोडले नाही. ते व्यापारात उतरले. भाषा येत होती, माणसे जोडण्याची हातोटी होती. धंद्यात चांगला जम बसला. पण पैसा मिळाला तरी मन तिथे रमेना. पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला शहरी गेले. तिथे फ्रान्सिस्कन संघाच्या गरीब, अनवाणी बंधूंशी त्यांची ओळख झाली. व्यापार सोडून ते त्या संघात ब्रदर झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, अखेरपर्यंत साधे ब्रदरच राहिले.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्टिस्टा यांना जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून पाठवले. दुभाषा म्हणून बरोबर ब्रदर गोन्सालो होते. हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी धर्मगुरूंना देश सोडून जाण्याचा हुकूम काढलेला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. या फ्रान्सिस्कन बंधूंना त्याने क्योतो शहरात राहू दिले. त्यांनी चर्च बांधले; कुष्ठरोग्यांसाठी आणि गोरगरिबांसाठी रुग्णालये चालवली. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले होते, अशांच्या जखमा हे बंधू धूत असत. त्या आजाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला गोन्सालो होतेच.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे एक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावर मोठी संपत्ती होती. हिदेयोशीने ती जप्त केली. त्या वादात जहाजाच्या सुकाणूवाल्याने बढाई मारली, की आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मग सैन्य, असे सांगितले जाते. हिदेयोशी खवळला. डिसेंबरमध्ये फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. बढाई मारली एकाने, लोभ सुटला दुसऱ्याला आणि शिक्षा झाली तिसऱ्यांनाच.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये २४ कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. गाड्यांवर घालून त्यांची शहरभर धिंड काढली. मग सुरू झाला नागासाकीपर्यंतचा सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास. पिंपळगाव रेणुकाईहून मुंबईला जावे आणि तसेच परत यावे, जवळजवळ तेवढे अंतर. तेही ऐन हिवाळ्यात, बर्फात, जखमी अवस्थेत. वाटेत कैद्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी त्यांच्यात ओढले. अशी संख्या २६ झाली. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. कोणी सुतार, कोणी स्वयंपाकी, कोणी धर्मशिक्षक. लुईस नावाचा सर्वांत लहान मुलगा अवघा १२ वर्षांचा होता.

एक गोष्ट लक्षात घ्या. येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात जपानमधल्या कामावरून बरेच मतभेद होते. एकमेकांविरुद्ध तक्रारीही गेल्या होत्या. ज्या संघात गोन्सालो यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्याच संघाचे पॉल मिकी आता त्यांच्याबरोबर त्याच वाटेने चालले होते. दोघांचा कान कापलेला, दोघांचा शेवट एकच. क्रुसाच्या वाटेवर कोण कुठल्या संघाचा, हा प्रश्न मागे पडला.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस ओळीने तयार ठेवले होते. अंमलबजावणी करणारा अधिकारी हाझाबुरो हा पॉल मिकी यांच्या ओळखीचा होता. त्याला या कामाची लाज वाटत होती. लहानग्या लुईसने श्रद्धा सोडली तर त्याला वाचवण्याची तयारी त्याने दाखवली, पण मुलाने ते नाकारले. टेकडीवर गोन्सालो सर्वांच्या पुढे होते. समोरच्या क्रुसापाशी जाऊन हाच का माझा, असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. त्यांना दुसऱ्या क्रुसाकडे नेले, तेव्हा गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली.

क्रूस उभे राहिले. पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच प्रवचन केले आणि हिदेयोशीला व मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचे सर्वांसमोर जाहीर केले. त्याच वेळी ब्रदर गोन्सालो काय करत होते, हे प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. ते मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हणत होते. त्यांनी प्रवचन केले नाही. वसईच्या शाळेत लहानपणी जी प्रार्थना शिकले, तीच त्यांनी शेवटी म्हटली.

आपण ही प्रार्थना दर रविवारी कम्युनियनच्या आधी म्हणतो. तिच्यात एक वाक्य असे आहे, की ते म्हणताना जीभ अडखळायला हवी. आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर, असे आपण त्यात बापाकडे मागतो. गोन्सालो यांनी ते वाक्य म्हटले तेव्हा दोन भालेवाले खाली उभे होते. थोड्याच वेळात ते भाले त्यांच्या बरगड्यांतून आरपार गेले. गोन्सालो सुमारे चाळीस वर्षांचे होते.

इथे चरित्र संपते असे वाटेल. पण क्षमेची गोष्ट अजून अर्धीच झाली आहे. दुसरी बाजू आहे ती अपराध्याची. जो क्रुसावर चढला तो संत झाला. जो घाबरला, त्याचे काय?

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. हजारो जण मारले गेले. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. जे ख्रिस्ती गुप्तपणे राहिले त्यांना पकडण्यासाठी अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि प्रत्येकाने तिच्यावर पाय द्यायचा. नागासाकीत हे दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला होत असे. जो पाय देणार नाही तो ख्रिस्ती आणि त्याच्यासह त्याचे घरदार संकटात. मुलाबाळांकडे पाहून कितीतरी गुप्त ख्रिस्ती माणसांनी थरथरत पाय दिला.

मग ते घरी जात. दार लावत. आणि १६०३ साली तयार झालेल्या एका पुस्तिकेतली पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पापनिवेदन ऐकायला धर्मगुरू नसेल, तर देवावरील प्रेमापोटी मनापासून केलेला पश्चात्तापही देव स्वीकारतो आणि धर्मगुरू भेटल्यावर संस्कार घ्यायचा असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्या पुस्तिकेत होती. आईने मुलीला, आजोबांनी नातवाला ती प्रार्थना दिली. दोनशेहून अधिक वर्षे! अपराधाच्या भाराखाली ही माणसे मोडून का गेली नाहीत? कारण पेत्राला सरोवरकाठी पुन्हा जवळ घेणारा प्रभू जिवंत आहे आणि तो आपल्यालाही जवळ घेईल, ही आशा त्यांच्याजवळ होती. मेलेल्या गुरूची माफी मागता येत नाही. ज्याच्यावर पाय पडला तो उठलेला आहे, म्हणूनच क्षमा मागायला जागा होती.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला मिळालेले हे पहिले संतपद. त्यानंतर नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी एक चर्च उभे राहिले, तेही या २६ हुतात्म्यांच्या नावाने. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावातले काही गरीब शेतकरी भीतभीत त्या चर्चमध्ये आले. एका बाईने फादर पतीजाँ यांना हळूच सांगितले, की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. आणि मरियामातेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. फादर थक्क झाले. सव्वादोनशे वर्षे धर्मगुरूंविना राहिलेली श्रद्धा समोर उभी होती.

जणू कबरीवरची धोंड बाजूला झाली होती. पण तरी छळ संपला नाही. उराकामीच्या ३,००० हून अधिक माणसांना हद्दपार केले. छळ सोसवेना म्हणून काहींनी श्रद्धा सोडल्याचे कबूल केले, पण पुढे त्यांच्यातले बरेच जण पश्चात्ताप करून परतले आणि ख्रिस्तसभेने त्यांना पुन्हा आपल्यात घेतले. १८७३ साली बंदी उठली. जे ठाम राहिले आणि जे डळमळून परतले, ते एकाच वेदीपुढे गुडघे टेकू लागले.

बंधुभगिनींनो, आपल्यातही ही दोन्ही माणसे आहेत. बांधाच्या हातभर जागेवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे न बोलणारा एक आपल्यात आहे. त्याला ब्रदर गोन्सालो विचारतात, ती प्रार्थना तू मोठ्याने म्हणू शकतोस का? आणि दुसराही आपल्यात आहे, जो स्वतःलाच क्षमा करत नाही. म्हाताऱ्या आईच्या शेवटच्या आजारात मी गेलो नाही, दारूपायी लेकरांच्या तोंडचा घास घालवला, रागाच्या भरात बोलू नये ते बोललो आणि ते माणूस आता या जगात नाही. असे काहीतरी त्याच्या काळजात रुतलेले असते. तो मिस्साला येतो, पण मागच्या रांगेत बसतो आणि कम्युनियनला उठत नाही. त्याला जपानच्या त्या अडाणी शेतकऱ्यांची साक्ष आहे, की तुझा अपराध खरा आहे, पण प्रभूचे पुनरुत्थान त्याहून खरे आहे.

त्या माणसांना दोनशे वर्षे धर्मगुरू भेटला नाही. आपल्याकडे मिस्साआधी पापनिवेदन ऐकायला फादर बसलेले असतात. पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळी प्रभूने दिलेला अधिकार तोच आहे. या आठवड्यात आपण प्रायश्चित्त संस्कार घेऊ या. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारात एकदा जाऊन येऊ या. त्याने दार उघडले नाही तरी चालेल. आपले तरी उघडे राहील.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर.