सूक्ष्मदर्शकाचे उपासक : डॉ. फ्रॉयलानो द मेलो

पेडणे महालातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांची थोरवी आपल्या वाचनालयाच्या सभासदांना नव्याने सांगावयास नको. परंतु त्यांच्यानंतरच्या काळात गोमंतकाच्याच भूमीत जन्मलेल्या आणि याच भूमीच्या रोगराईशी आयुष्यभर झुंज घेणाऱ्या दुसऱ्या एका धन्वंतरीची ओळख मराठी वाचकास अभावानेच आढळते. डॉ. इंदालेन्सियो फ्रॉयलानो द मेलो हे त्यांचे नाव. त्यांचे बहुतेक लेखन पोर्तुगीज, फ्रेंच व इंग्रजी या भाषांत झाले, हे या अपरिचयाचे एक कारण असावे. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने ही उणीव अंशतः तरी भरून काढणे उचित ठरेल.

सासष्टीतील बाणावली येथे १७ मे १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे असताना, १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफेलिस डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूचे दर्शन घडले. दूषित हवेने ताप येतो ही शतकानुशतकांची समजूत त्या शोधाने मोडीत निघाली. पुढे द मेलो यांच्या साऱ्या कार्याची दिशा याच शोधाने आखून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. पणजीच्या वैद्यकीय शाळेत व त्यानंतर पोर्तुगालमधील पोर्तो येथे त्यांनी शिक्षण घेतले. मायदेशी परतून ते त्याच शाळेत अध्यापन करू लागले आणि १९१४ पासून सुमारे तीन दशके त्यांनी पणजीच्या जंतुशास्त्र संस्थेची धुरा वाहिली.

त्या काळी प्रयोगशाळेतील मुख्य साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरावा, वाळवावा, त्यास रंगद्रव्य द्यावे आणि मग भिंगाखाली एकेक तांबडी पेशी तपासावी, असे ते जिकिरीचे काम. द मेलो यांनी केवळ मनुष्याचेच रक्त तपासले नाही. नीळकंठ, खंड्या यांसारख्या पक्ष्यांच्या रक्तात राहणारे, हिवतापाच्या जंतूशी नाते सांगणारे आणि चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरणारे परोपजीवी त्यांनी शोधून काढले. त्यांपैकी काहींच्या शास्त्रीय नावापुढे आजही द मेलो हे नाव जोडलेले असते. वाळवीच्या आतड्यातील सूक्ष्म जीवसृष्टीवरही त्यांनी विपुल लिहिले. ज्या वाळवीला आपण ग्रंथांचा शत्रू म्हणून ओळखतो, तिच्या पोटातही त्यांना अभ्यासाचे एक विश्व दिसले.

परंतु काचपट्टीवर दिसलेले सत्य शोधनिबंधात बंदिस्त करून ते थांबले नाहीत. एके काळचे वैभवशाली जुने गोवे तापाच्या साथींनी उजाड झाले आणि राजधानी पणजीस न्यावी लागली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तेथील विहिरींत व सांडपाण्याच्या खड्ड्यांत डासांची पैदास होते हे ध्यानी घेऊन द मेलो यांनी विहिरी बंद करण्याची व खड्डे निर्जंतुक करण्याची मोहीम हाती घेतली. विहीर म्हणजे गोमंतकीय घराचे जीवन. ती बंद करावयास सांगणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. १९३४ मध्ये सासष्टीतील माकाझन येथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. १९३८ ते १९४५ या काळात ते पणजी नगरपालिकेचे अध्यक्ष होते. या व्यापातही त्यांनी रवींद्रनाथांच्या काव्यावर पोर्तुगीज भाषेत लेखन केले, हे त्यांच्या रसिकतेचे द्योतक आहे.

१९४५ ते १९४९ या काळात ते लिस्बनच्या विधिमंडळात गोव्याचे प्रतिनिधी होते. त्यांच्या राजकीय मार्गाविषयी मतभेद संभवतात. त्यांच्या लोकसेवेविषयी मात्र ते संभवत नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ते ब्राझीलला गेले आणि ९ जानेवारी १९५५ रोजी साओ पावलो येथे त्यांचे देहावसान झाले. गोमंतकाच्या तापाशी झुंजलेल्या या पुरुषाच्या अस्थींना गोमंतकाची माती लाभली नाही, ही खंत मनास लागून राहते.

त्यांच्या सूक्ष्मदर्शकालाही मर्यादा होती. प्रकाशावर चालणाऱ्या भिंगातून मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा लहान वस्तू स्पष्ट दिसत नाही. डेंग्यूचा विषाणू त्याहूनही चारपाच पटींनी लहान. तो पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. द मेलो यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या अरण्यात माकडे पटापट मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडीमार्फत पसरणारा एक नवाच विषाणू शोधून काढला. तोच माकडताप २०१५ मध्ये डिचोलीच्या शेजारच्या सत्तरीत, पाली गावी प्रकटला आणि २०१६ मध्ये पेडणे-डिचोलीच्या सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागायतीत राबणारे कष्टकरी त्यास बळी पडले. गोचिडीचा सुळसुळाट आणि काजूचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. पोटासाठी रानात जाणाऱ्यास घरी बसा असे सांगून भागत नाही. मेलेले माकड दिसताच खबर देणे, अंगभर कपडे घालणे, रानातून परतल्यावर अंग तपासून स्नान करणे, हे ज्ञान त्याच्या दारापर्यंत आणि त्याच्याच भाषेत पोहोचावे लागते.

द मेलो यांच्या जीवनाचा अर्थ नेमका येथेच गवसतो. भिंगाखाली जे दिसले ते विहिरीच्या काठापर्यंत नेल्याखेरीज शास्त्रज्ञाचे काम पुरे होत नाही, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखविले. अरण्याच्या कडेला नांदणाऱ्या आपल्या गावांत ते काम अद्याप संपलेले नाही, आणि शंभर वर्षे ज्ञानदीप तेवत ठेवणाऱ्या वाचनालयासही त्यात आपला वाटा उचलता येईल. त्या थोर गोमंतकीयाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.