हाफकिन आणि मुलकोवालची बाटली

भिवंडीभोवतीच्या गोदामांत अन्नपदार्थ आणि औषधांचे खोके उतरतात, काही दिवस थांबतात आणि धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या चौकांतून पुढच्या प्रवासाला निघतात. कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू ग्राहकाच्या हाती येईपर्यंत अनेक हातांतून जाते. त्यांपैकी कोणत्या हातापर्यंत सरकारने नजर ठेवावी, याविषयी मतभेद आहेत. व्यापाऱ्याला तपासणीचा जाच वाटतो, तर ग्राहकाला ती अपुरी वाटते. हा वाद नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत तयार झालेल्या लशीच्या एका बाटलीवरून तो पेटला होता आणि त्यात एका थोर शास्त्रज्ञाची कारकीर्द होरपळून निघाली. ते शास्त्रज्ञ म्हणजे वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्यावरील लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले व बंगालमध्ये या लशीचे काम करू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णता देऊन ते मारले. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लस घेतलेल्यांत प्लेगची लागण कमी झाल्याचे दिसून आले.

सरकारचा मार्ग मात्र सक्तीचा होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना बळजबरीने हलवणे, सामानाची जाळपोळ यांमुळे जनता प्रक्षुब्ध झाली आणि जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. हाफकिन यांचा भर लोकांच्या संमतीवर होता. आगाखान यांनी त्यांना जागा दिली आणि आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून स्वतः लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली आणि तेथून देशभर लस जाऊ लागली.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली. मागणी एकाएकी वाढली. उत्पादन लवकर व्हावे म्हणून परळला लशीत कार्बोलिक ॲसिड मिसळणे थांबवण्यात आले आणि निर्जंतुकीकरणासाठी उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पाश्चर संस्थेत ही पद्धत रूढ होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस देण्यात आली. चार बाटल्यांतील लस घेणाऱ्यांना काही झाले नाही. पाचव्या बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना मात्र धनुर्वात झाला आणि त्यांपैकी एकही वाचला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. दोष परळलाच, बाटली बंद होण्यापूर्वी शिरला आणि कार्बोलिक ॲसिड वगळणे ही गंभीर चूक होती, असा त्याचा निष्कर्ष होता. हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

हाफकिन यांच्या बाजूनेही सबळ मुद्दे होते. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, ही बाब साक्षीत नोंदलेली होती. बाटली आधीच दूषित असती तर उघडताच दुर्गंधी आली असती आणि रोगाची लक्षणे सात दिवसांऐवजी फार लवकर दिसली असती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले. पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात दुय्यम स्वरूपाच्या कामावर राहून ते निवृत्त झाले.

तरीही त्या वेळी कडक तपासणीची मागणी करणारे सर्वस्वी चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. लस सरकारी प्रयोगशाळेत बनत होती, पद्धतीतील बदलही तेथेच ठरत होता, आणि तो त्रयस्थपणे पडताळणारी यंत्रणा देशात नव्हती. बाटली भरताना ज्या दक्षतेची अपेक्षा होती, तीच दूरच्या गावी ती उघडताना कोण तपासणार, याचे उत्तर नियमांत नव्हते. लस बनवणारे, टोचणारे आणि दोष ठरवणारे अखेर एकच सरकार होते. त्यामुळे चौकशीचा सारा भार एका माणसावर पडला.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. पुढे १९४० च्या औषध कायद्याने निर्मितीबरोबर वितरण आणि विक्रीही परवान्याच्या कक्षेत आणली. १९७० मध्ये राज्यात अन्न व औषध प्रशासन स्वतंत्रपणे उभे राहिले.

कायदा असला म्हणजे धोका संपतो असे नव्हे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आयोगाला खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या अनेक दुव्यांतील दोष दाखवावे लागले. लेंटिन आयोगाने दोष साखळीत शोधला. मुलकोवालच्या आयोगाने तो एकाच टोकाला शोधला आणि त्याची किंमत हाफकिन यांनी आयुष्यभर मोजली. सरकारी नियंत्रण किती असावे, यावर वाद होत राहतील. मात्र ते उत्पादकाच्या दाराशी थांबता कामा नये, आणि नियंत्रण करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागले पाहिजे, एवढे हाफकिन यांच्या चरित्रातून निश्चित दिसते.